सात तारांची महागडी गिटार घ्यायची, तीही खानापूरच्या हवेत टिकणारी

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका पोराचा आहे. सहा तारांवर हात बसलाय, प्रोग्रेसिव्ह मेटल वाजवतो, गणपतीत मंडळाच्या ऑर्केस्ट्रातही उभा राहतो. आता सात तारांची एकच, पण कायमची म्हणावी अशी इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे. बजेट अडीच ते तीन लाख. यादीत चार नावं: जपानी आयबानेझ प्रेस्टीज, म्युझिक मॅनची जेपी सेव्हन, स्ट्रँडबर्ग आणि पोलंडहून मागवायची मायोनेस. घर कौलारू, पावसाळ्यात भिंतींना ओल येते. ट्युनिंग बहुतेक वेळ ड्रॉप ए, म्हणजे सर्वांत खालची सातवी तार बीवरून एला उतरवलेली. यातली कुठली घेऊ, असं त्याचं म्हणणं.

तुझी चारही नावं चांगली आहेत, त्यामुळे नावावरून भांडण नाही. पण तू ड्रॉप ए आणि ओल या दोन गोष्टी शेवटी, जाता जाता लिहिल्यास. माझ्या लेखी निवड याच दोन गोष्टींवर ठरते. सातव्या तारेचा सर्वांत खालचा सूर कुठला, आणि गिटार वर्षभर कुठल्या हवेत राहणार, हे आधी पक्कं कर. मग यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात.

सुरापासून सुरू करू. सात तारांचं नेहमीचं ट्युनिंग म्हणजे सहा तारांच्या खाली आणखी एक बी. या बीची कंपनसंख्या सुमारे ६२ हर्ट्झ, आणि ड्रॉप ए केलं की ५५. तारेचा ताण तिचं वजन, लांबी आणि सूर यांवर ठरतो, त्यातही लांबी आणि सूर यांचा परिणाम वर्गाच्या पटीत होतो. स्केल म्हणजे नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) एवढी तारेची लांबी. २५.५ इंच स्केलवर ५९ ची, म्हणजे ०.०५९ इंच जाडीची तार बीला लावलीस तर ताण ढोबळ हिशेबाने साडेसात किलो येतो. तीच तार एला उतरवलीस की सहा किलोच्या आत. एकच पूर्ण स्वर उतरला आणि वीस टक्के ताण गेला. वाजवताना हे लगेच कळतं: पिक जोरात बसला की सूर क्षणभर वर चढतो, मग सावकाश जागेवर येतो. रेकॉर्डिंगमध्ये दोन ट्रॅक डावी-उजवीकडे टाकलेस की ते एकमेकांशी जुळत नाहीत, आणि दोष पिकअपला, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकी डबीला दिला जातो.

यावर दोनच उपाय: तार जाड कर किंवा लांब कर. २५.५ वर ड्रॉप एला पूर्वीचा ताण परत हवा असेल तर ६६ च्या आसपासची तार लागेल. २६.५ इंचांवर ६४ पुरते, २७ वर ६२-६३. कागदावर हे तीन-चार आकड्यांचंच अंतर आहे, पण टेबलावर फरक मोठा दिसतो. ६६ ची तार कडक असते, काठीसारखी वाकायला मागत नाही, त्यामुळे वरच्या फ्रेटवर ती चढी बोलते. इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक घरातला सूर, जुळवायला सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो छोटा तुकडा) मागे, आणखी मागे न्यावं लागतं, आणि बऱ्याच ब्रिजवर ते शेवटच्या टोकाला जाऊन अडतं, तरी सूर जुळलेला नसतो. मग स्प्रिंग काढून टाक, सॅडल उलटं बसव असे प्रकार सुरू होतात. त्यात कारखान्यातून आलेला नट ५६ किंवा ५९ साठी कापलेला असतो, जाड तार त्याच्या खाचेत वरच बसून राहते. कानशीने खाच वाढवावी लागते. कधी ट्युनिंग पेगच्या भोकातही तार जात नाही.

म्हणून तुला ड्रॉप ए रोज लागणार असेल तर माझं उत्तर २६.५ इंच किंवा त्याच्या पुढे. फक्त बी स्टँडर्ड असतं तर २५.५ वरही मी खुशाल जा म्हटलं असतं. जेपी सेव्हन २५.५ आहे, आयबानेझच्या प्रेस्टीजमधल्या बऱ्याच आरजी सात तारांच्याही २५.५ च. त्याच आयबानेझच्या आरजीडी मालिकेतल्या सात तारांच्या २६.५ येतात, शेक्टरच्या बहुतेक सात तारांच्याही २६.५. दुकानात स्केल विचारायला पोरं विसरतात, आणि दुकानदारालाही ती पाठ असतेच असं नाही. टेप घेऊन जा. नटपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत मोज, दुप्पट कर.

लांब स्केलची किंमत वरच्या तारांवर मोजावी लागते. २७ इंचांवर पहिली तार बारा टक्क्यांनी ताठ होते. मेटलच्या रिफला त्याचं काही नाही. पण तू ऑर्केस्ट्रात वाजवतोस, तिथं जुन्या गाण्यातला सोलो आला की मींड घ्यावी लागते, दीड-दोन स्वर तार ओढावी लागते. त्यावर सोपा तोडगा आहे: १० ऐवजी साडेनऊची पहिली तार लाव, ताण जवळपास पूर्वीइतकाच येतो. सात तारांच्या तयार सेटमध्ये तशी तार सहसा मिळत नाही, सुटी मागवावी लागते.

दुसरा तोडगा मल्टिस्केल, म्हणजे फ्रेट पंख्यासारखे तिरके पसरलेले, पहिली तार २५.५ आणि सातवी २७ अशी. दिसायला भीती वाटते, पण अर्ध्या तासात हात रुळतो. अडचण फक्त नटाजवळच्या बारे कॉर्डला (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायच्या त्याला) आणि अगदी वरच्या फ्रेटवर येते, तिथं मनगटाचा कोन बदलतो. तुझ्या हाताचं काय, हे घरी बसून कळेल. नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर २५.५ वर सुमारे १३४ मिमी असतं, २६.५ वर १३९, २७ वर साधारण १४२. पुठ्ठ्यावर या रेघा आख, पुठ्ठा आत्ताच्या गिटारच्या नेकवर धर आणि चार बोटं चार घरांत टाकून बघ. आठ मिलिमीटर कागदावर किरकोळ वाटतात, करंगळीला विचार.

रुंदीचंही तसंच. सहा तारांच्या आयबानेझचा नट ४३ मिमी, सात तारांचा ४८. पाच मिलिमीटर वाढले की अंगठा नेकच्या वरून आणायची सवय मोडते. तू अंगठा वर टाकून वाजवणारा असशील तर पहिले काही आठवडे मनगट दुखेल, तो गिटारचा दोष नाही.

आता हवेकडे येतो. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण परदेशातले रिव्ह्यू करणारे या बाबतीत आपल्या कामाचे नाहीत. त्यांच्याकडे खोलीची हवा यंत्राने सांभाळलेली असते.

आपल्या जिल्ह्याची हवा एक नाही. कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस नुसता कोसळतो, खानापुरात घरातली चादरसुद्धा दमट लागते, आणि तिकडे अथणी-चिकोडीच्या बाजूला उन्हाळ्यात ओठ फुटतात. बेळगाव शहर मधे. ऑगस्टमध्ये सापेक्ष आर्द्रता ऐंशीच्या वर दिवसेंदिवस राहते, मार्चच्या दुपारी ती तिसाच्या आसपास येते. गिटार बनवणाऱ्यांना ४५ ते ५५ टक्के हवी असते. म्हणजे आपल्याकडे वर्षातले फार थोडे महिने ती सुखात असते.

लाकूड ओल पितं, फुगतं, कोरडं झालं की आकसतं. सात तारांचा नेक रुंद, त्यावर सात तारांचा ताण, आणि बहुतेक कंपन्या तो मुद्दाम पातळ ठेवतात. अशा नेकवर हवेचा फरक लवकर दिसतो. बहुतेक नेक पावसाळ्यात पुढे वाकतात, तारा वर उचलल्या जातात. उन्हाळ्यात नेक सरळ किंवा किंचित मागे जातो आणि तारा फ्रेटवर घासतात. काही नेक याच्या उलटही वागतात, ते लाकूड कसं कापलंय यावर आहे.

गेल्या एका पावसाळ्यात निपाणीहून एक जपानी सात तारांची माझ्याकडे आली होती. मालकाची तक्रार, ब्रिज वर आलाय. बाराव्या फ्रेटवर सातवी तार तीन मिलिमीटर वर होती. पहिल्या फ्रेटला कॅपो लावला, सातवी तार शेवटच्या फ्रेटला दाबली आणि आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यामधल्या फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घातला. अर्ध्या मिलिमीटरचं पान आरामात आत गेलं. तिथं ०.२ ते ०.२५ असायला हवं. ब्रिजला हात न लावता ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक सुधारणारी आतली सळई, पाव फेरा घट्ट केला, रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी आणखी थोडा. तार दोन मिलिमीटरवर आली. तो पठ्ठ्या दर पावसाळ्यात सॅडल खाली करत होता आणि दर मार्चमध्ये तारा घासतात म्हणून परत वर. गिटार उत्तम होती. तिला वर्षातून दोनदा ट्रस रॉड फिरवून घ्यायची गरज होती, बस्स.

या अनुभवातून निवडीचा एक निकष निघतो, जो कुठल्या जाहिरातीत सापडणार नाही: ट्रस रॉड किती सहज फिरवता येतो? म्युझिक मॅनच्या नेकला बॉडीच्या टोकाशी एक छोटं चाक असतं, त्याच्या भोकात सळई घालून फिरवायचं, तारा सोडायच्या नाहीत, काही उघडायचं नाही. हवा बदलली की दोन मिनिटांत काम. हेडस्टॉकवर प्लास्टिकच्या झाकणाखाली असलेला रॉडही चालतो. पण नेक स्क्रूने जोडलेल्या काही बोल्ट-ऑन गिटारांत तो नेकच्या बुडाशी दडलेला असतो, नेक काढल्याशिवाय हात पोचत नाही. खानापूरच्या माणसाने तशी घेऊ नये, कितीही सुंदर असली तरी.

नेकच्या लाकडाकडे बघ. मेपल आणि वॉलनट किंवा वेंगे यांचे तीन-पाच थर चिकटवलेला नेक एका तुकड्याच्या नेकपेक्षा कमी पिळतो. रोस्टेड मेपल, म्हणजे भट्टीत भाजून तपकिरी केलेलं मेपल, ओल कमी शोषतं. हे नुसतं दिखाऊ खूळ नाही, आपल्या हवेत त्याचे पैसे वसूल होतात. कार्बनच्या सळ्या आत घातलेल्या असतील तर आणखी बरं. फिंगरबोर्डला मी आबनूसपेक्षा शिसव पसंत करतो. आबनूस दिसायला काळाभोर, पण उन्हाळ्यात फार आकसतो, कधी चिरही जातो. शिसवात तेल असतं, ती सांभाळून घेते. गंमत बघ, जगभरच्या गिटारांवर ज्याला इंडियन रोझवूड म्हणतात ते आपल्याच पश्चिम घाटातलं शिसव, कानडीत बीटे. इथलं लाकूड बाहेर जातं आणि आपण ते ड्युटी भरून परत आणतो.

लाकूडच नको असेल तर नेदरलँड्सची अ‍ॅरिस्टाइड्स आहे. ते आरियम नावाच्या मिश्र पदार्थापासून गिटार घडवतात, त्यामुळे कणकुंबीचा पाऊस असो की अथणीचा उन्हाळा, नेकला फारसा फरक पडत नाही. पण तुझ्या बजेटच्या बाहेर जाते, म्हणून नुसती नोंद करून पुढे जातो.

फ्रेट स्टेनलेस स्टीलचे घे. नेहमीचे निकेल-सिल्व्हर पावसाळ्यात काळे पडतात, घामाने हिरवट होतात, आणि जाड तारांखाली पहिल्या पाच घरांत खड्डे लवकर पडतात. स्टील झिजत नाही म्हटलं तरी चालेल. उन्हाळ्यात बोर्ड आकसला की फ्रेटची टोकं कडेने बाहेर येतात, हाताला करवतीसारखी लागतात. दुकानात तळहात नेकच्या दोन्ही कडांवरून वर-खाली फिरव. नव्या, महागड्या गिटारला तिथं काही लागलं तर ती परत ठेव. वरचं लाटालाटांचं मेपल, डोळे दिपवणारा रंग, मोत्याच्या खुणा, हे सगळं फुकट नसतं, आणि पैसे मुख्यतः त्यातच गेलेत की फ्रेटच्या टोकांवर, हे तळहाताला कळतं.

ब्रिजबाबत माझं मत ठाम आहे. तुला स्थिर ब्रिज हवा. तरंगता ट्रेमोलो, म्हणजे दांडीने हलवता येणारा ब्रिज, सात तारांवर म्हणजे मागे स्प्रिंग आणि पुढे तारा यांची ओढाओढ, एक तार उतरवली की बाकी सगळ्या चढतात. बीवरून एवर जायचं म्हटलं की मागची पट्टी काढून स्प्रिंग जुळवत बस. एकाच ट्युनिंगमध्ये आयुष्य काढणाऱ्याला ट्रेमोलो शोभतो. एव्हरट्यून म्हणून ब्रिज येतो, प्रत्येक तारेला स्वतंत्र स्प्रिंगने ताण स्थिर ठेवणारा. रेकॉर्डिंगला अद्भुत, पण वजन वाढतं, बॉडीत खोल खोदकाम लागतं, आणि मींड येण्यासाठी वरच्या तारा वेगळ्या जुळवून ठेवाव्या लागतात. आधीच बसवलेला असेल तर हरकत नाही, नंतर कापून बसवू नकोस.

स्ट्रँडबर्गसारखी हेडलेस गिटार हलकी असते. मंडळाच्या स्टेजवर तीन-चार तास उभं राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला याचा अर्थ कळतो, आणि ती बसमध्ये मांडीवर घेऊन जाता येते. नेकचा माग गोल नाही, कोनदार आहे. काहींना पहिल्या मिनिटात आवडतो, काहींना कधीच नाही, मधलं काही नाही. म्हणून वाजवून बघितल्याशिवाय मागवू नकोस. आणि लक्षात ठेव, ट्युनिंगची सगळी यंत्रणा ब्रिजमध्ये असते. एक स्क्रू झिजला तर तो भाग गावात मिळत नाही, परदेशातून येतो. गिटार घेतानाच सुटे भाग कोण मागवून देणार ते विक्रेत्याला विचारून ठेव.

पिकअपवर मी फार वेळ घालवणार नाही, कारण ते बदलता येतात. फक्त खाचेचा आकार बघ. ईएमजी ७०७ सारख्या बंद डब्याच्या मापाची खाच असेल तर साध्या मापाचा सात तारांचा पिकअप तिथं नीट बसत नाही, मग झाकणी शोधत बसावं लागतं. आणखी एक, खर्जासाठी 'जास्त बेस' देणारा पिकअप शोधू नकोस. गिटार अ‍ॅम्पमधला नेहमीचा व्हिंटेज थर्टी स्पीकर ७० हर्ट्झच्या खाली फारसं काम करत नाही, म्हणजे तुझा ए किंवा बी मुळात त्याच्या टप्प्याबाहेर आहे. ऐकू येतात ते त्याच्या वरचे स्वर. ते स्वच्छ हवेत, म्हणून खालचे सूर आवरून धरणारा, आवाज फार जोरात न सोडणारा पिकअप घे आणि खालचं रान बेसवाल्याला मोकळं सोड.

गुणगुण येते ती बहुधा पिकअपची नसते. जुन्या घरात अर्थिंग नसतं, मंडळाच्या स्टेजवर जनरेटरवर ओढलेली लाइन असते. तारांना हात लावला की गुणगुण कमी होते, काढला की वाढते, असं असेल तर आधी घरातलं अर्थिंग तपासून घे, मग गिटारच्या पोटातलं शिल्डिंग. आणि स्टेजवर गिटार हातात असताना माईकला ओठ लावण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने माईकला स्पर्श करून बघ. झटका ओठाला बसण्यापेक्षा हाताला बसलेला बरा.

तुझ्या यादीकडे परत येतो. जेपी सेव्हन माझ्या मते या चौघींत सगळ्यात नीट घडवलेली, पण २५.५ इंच, बहुतेकदा ट्रेमोलो, आणि नवी घेतली तर बजेटच्या वर. बी स्टँडर्डवाल्याला मी तीच सांगितली असती. मायोनेस देखणी आहे. पण वाहतूक, ड्युटी, जीएसटी धरून तीही तीन लाखांत बसणं कठीण, शिवाय ऑर्डर देऊन महिनोन्महिने थांबायचं, आणि आपल्या मापाची बनवून घेतलेली गिटार सहसा परत घेतली जात नाही. पहिलीच सात तारांची अशी घेऊ नये. आपल्याला नेक कसला लागतो हे अजून तुलाच माहीत नाही, त्यांना काय सांगणार? दोन-तीन वर्षं सात तारा वाजव, मग तुझ्या हाताचं माप तुला कळेल.

राहिल्या आयबानेझ आणि स्ट्रँडबर्ग. आयबानेझमध्ये नाव नीट वाच. प्रेस्टीज जपानची, प्रीमियम इंडोनेशियाची, आणि किमतीत बराच फरक. ईएसपी या दुसऱ्या जपानी कंपनीतही तसंच: ई-टू जपानी, एलटीडी कोरिया, इंडोनेशिया किंवा चीनची. तुझ्यासाठी २६.५ इंची किंवा त्याहून लांब, स्थिर ब्रिजची, जपानी बनावटीची आयबानेझ किंवा ई-टू हा माझा पहिला पर्याय. स्ट्रँडबर्ग दुसरा, आणि तोही हात लावून नेक पटला तरच. नवीन प्रेस्टीज सापडली नाही तर जुनी शोध. सात तारांना आपल्याकडे गिऱ्हाईक कमी, म्हणून विकणारा घाईत असला की भाव उतरतो. उलट तुला पुढे विकायची वेळ आली तर हाच तोटा तुझ्या वाट्याला येईल, तेही धरून चाल.

जुनी बघताना सिरीयल नंबर बघ. जपानच्या फुजिगेन कारखान्यातल्या आयबानेझचा नंबर एफ अक्षराने सुरू होतो. मग पहिल्या पाच घरांतले खड्डे, हेडस्टॉकच्या मानेशी बारीक केसासारखी चीर, आणि ट्रस रॉडला अजून फेरे शिल्लक आहेत का. आधीच कच्चून आवळलेला रॉड म्हणजे पुढच्या पावसाळ्यात तुझ्या हातात काही उरणार नाही. शक्य असेल तर मार्च-एप्रिलमध्ये बघायला जा. त्या दिवसांत नेकचे सगळे दोष उघडे पडतात, ऑगस्टमध्ये फ्रेटची टोकं शहाणी वाटतात.

परदेशातून स्वतः मागवणार असशील तर हिशेब असा लागतो: गिटारची किंमत, वाहतूक आणि विमा मिळून जो आकडा होतो त्यावर सीमाशुल्क, आणि मग त्या सगळ्यावर जीएसटी. वर कुरिअरची हाताळणी आणि कार्डाचा परकीय चलनाचा आकार. दर बदलतात, म्हणून ऑर्डरच्या आधी कुरिअर कंपनीकडून लेखी अंदाज घे. किंमत कमी दाखवून पाठवतो म्हणणारा विक्रेता भेटेल. नको म्हण, ते बेकायदा आहे, आणि वाटेत नेक तुटला तर विमाही त्या खोट्या किमतीइतकाच मिळेल. शिसवाच्या कागदपत्रांची धास्ती मात्र आता घ्यायला नको. २०१७ मध्ये शिसवाच्या सगळ्या जाती साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आल्या तेव्हा गिटारवाल्यांची धावपळ झाली होती, नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट आहे. ब्राझिलियन शिसव तेवढं वेगळं, ते १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे. जुन्या, हौशी लोकांच्या गिटारवर ते असेल तर त्या भानगडीत पडू नकोस.

माझा सल्ला विचारशील तर भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडून घे, चार पैसे जास्त गेले तरी. बेळगावात या दर्जाच्या सात तारांच्या गिटारी भिंतीवर टांगलेल्या मिळणार नाहीत. पुणे किंवा बंगळूरला जावं लागेल, गोव्याकडे ओळखीत कुणाकडे असेल तर तिथंही बघून ये. जाताना आपली केबल, आपला ट्युनर आणि १०-५९ चा एक सेट घेऊन जा. दुकानदाराला ड्रॉप ए करून मागायला लाजू नकोस, तीन लाख देणाऱ्याचा तेवढा हक्क आहे. आधी प्लगशिवाय वाजव. प्रत्येक तार प्रत्येक घरात, सावकाश. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याला मुद्दाम जवारी काढतो, सूर घासून झंकारावा म्हणून. इथं तसली झंकार एका घरात जरी आली तरी ते घर लक्षात ठेव आणि शेजारचं बघ. एकाच घरात असेल तर एक फ्रेट उंच आहे, सगळीकडे असेल तर नुसता सेटअप बिघडलाय. पहिली गोष्ट नव्या गिटारला खपवून घ्यायची नाही, दुसरी दुकानातच दुरुस्त करून मिळते.

बजेटमधले वीस-पंचवीस हजार बाजूला काढून ठेव. त्यात हार्डकेस, तारांचे चार-पाच सेट, आर्द्रतामापक आणि सिलिका जेल बसतं. पावसाळ्यासाठी कोटिंगच्या तारा घे, साध्या तारा आठवड्यात गंजतात. ६२-६४ ची सुटी तार आपल्या बाजारात सहसा मिळत नाही, ती आधीच मागवून ठेव. गिटार भिंतीवर टांगू नकोस, विशेषतः पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर. केसमध्ये, आतल्या खोलीत, जमिनीपासून वर ठेव. कौलारू घरात चुलीचा धूर येत असेल तर ती खोलीही नको. आर्द्रतामापक केसच्या आत ठेव. साठच्या वर गेला की सिलिका बदल, चाळिसाच्या खाली गेला की ती काढून टाक.

खोकं आलं की लगेच उघडून वाजवायला बसू नकोस. बंद केस आठ-दहा तास घरात तशीच राहू दे, मग व्हिडिओ चालू ठेवून उघड, म्हणजे काही तुटलं असेल तर पुरावा राहतो. पहिले दोन आठवडे ट्रस रॉडला हात लावू नकोस. तिला खानापूरची हवा लागू दे, मग तुझ्याच तारा, तुझंच ट्युनिंग लावून सेटअप करून घे.